हात येथें, दंतचक्र तेथें

पन्नास वर्षांची एखादी स्पोर्ट्‌स मोटार गॅरेजच्या दारांत येऊन उभी राहते, तेव्हां तिच्या मालकाची तक्रार बहुधा ठराविक असते. दुसरा गिअर मागावा तर चौथा सांपडतो; रिव्हर्स टाकावा तर दांडा भलतीकडेच अडतो; आणि पहिला पडला असें वाटतें न वाटतें तोंच तो आपोआप सुटून बाहेर येतो. मिस्त्री दांडा हातांत धरून दोन वेळां हालवतो, मग मान हालवतो आणि निकाल देतो कीं, गिअरबॉक्स गेला. एंजिन उतरतें, पेटी उघडली जाते, दंतचक्रें धुवून मेजावर ओळीनें मांडलीं जातात. आणि पुष्कळदां असें आढळतें कीं, त्यांतल्या एकाहि चक्राचा एकहि दांत दुखावलेला नाहीं. दोष असतो तो चालकाचा हात व तीं दंतचक्रें यांच्यामधल्या वाटेवर, अंगठ्याच्या पेराएवढ्या एखाद्या प्लास्टिकच्या बुशांत. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार जुन्या मोटारींच्या जगांत नित्य घडतो. तो कां घडतो हें समजावयाचें तर हात आणि दंतचक्रें यांची ताटातूट कशी झाली, हा सव्वाशें वर्षांचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाचा स्वभाव बैलाच्या स्वभावाहून निराळा आहे. बैल जागच्या जागीं उभा असतांहि जुंवास पुरा जोर लावूं शकतो. एंजिनास मात्र कांहीं एका वेगानें फिरल्यावांचून जोर येत नाहीं. म्हणून गाडी हालवतांना एंजिन भरभर व चाकें सावकाश, अशी व्यवस्था करावी लागते. आणि गाडीनें वेग घेतला म्हणजे तें प्रमाण बदलावें लागतें. ह्या बदलासाठींच गिअर. फ्रान्समध्यें एमिल लेव्हासोर ह्या इंजिनियरानें १८९१ सालीं पानार-लेव्हासोर गाड्यांसाठीं जी रचना योजिली, तींत एंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें दंतचक्रें आणि त्या सर्वांच्या जोरावर फिरणारीं मागचीं चाकें असा क्रम होता. लहानमोठीं दंतचक्रें दांडीवरून सरकवावयाचीं आणि समोरच्या चक्रांशीं भिडवावयाचीं, एवढीच युक्ति. दांतांवर दांत आपटत, कर्कश आवाज होई. पण काम होई. १८९५ च्या जून महिन्यांत पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारें ११७८ किलोमीटरांची शर्यत झाली. तींत लेव्हासोर सुमारें ४८ तास रात्रंदिवस गाडी हांकून सर्वांच्या कितीतरी आधीं परतला. गाडी दोनच बैठकींची असल्यामुळें नियमाप्रमाणें पहिलें बक्षीस त्याला मिळालें नाहीं; परंतु त्याची रचना मात्र पुढील कित्येक पिढ्यांनीं उचलली.

आरंभींच्या बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा एकाच रेषेंत पुढें-मागें चाले. चौथ्यावरून दुसऱ्यावर यावयाचें तर तिसऱ्यांतून गेल्यावांचून गत्यंतर नसे. १९०१ सालीं विल्हेल्म मायबाख यानें आखलेली ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज रस्त्यावर आली. तींत दांड्यासाठीं फाटकासारख्या समांतर खांचा होत्या. आधीं आडवें सरकून खांच निवडावयाची आणि मग पुढें किंवा मागें ढकलून गिअर टाकावयाचा, ही पद्धति तेव्हांपासून रूढ झाली. आजहि दांड्याच्या मुठीवर जी आंकड्यांची आकृति कोरलेली दिसते, ती ह्याच फाटकाची. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. ह्या पद्धतींत दांड्याला दोन प्रकारचे हुकूम द्यावे लागतात. आडवी हालचाल सांगते, कोणती ओळ. उभी हालचाल सांगते, त्या ओळींतला कोणता गिअर. पुढें सर्व गोंधळ जो झाला, तो ह्या दोन हुकुमांचाच.

पुढें एंजिन व त्याच्या पाठीशींच गिअरबॉक्स असलेल्या गाडींत हे हुकूम पोंचविण्यास त्रास नव्हता. पेटी चालकाच्या पायाशींच असे आणि दांडा तिच्या झांकणांतून सरळ आंत उतरे. मूठ हालली कीं खालचें टोंक हालणारच. मध्यें बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. १९२८ मध्यें कॅडिलॅक गाड्यांत अर्ल थॉम्प्सन यांचें सिंक्रोमेश आलें. दांत भिडण्यापूर्वीं दोन्ही चक्रांचा वेग समान करणारी ही योजना होती. तिच्यामुळें दांतांचा खडखडाटहि थांबला. हात आणि दंतचक्र यांचा संसार अशा रीतीनें सुखाचा चालला होता.

पण तो तसा राहिला नाहीं. पुढच्या बैठकीवर तिघांना बसतां यावें म्हणून १९४० च्या आगेंमागें पुष्कळ प्रवासी गाड्यांचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबाला लावण्यांत आला, आणि मूठ व पेटी यांच्यामध्यें प्रथमच सळयांची व सांध्यांची एक सांखळी आली. मुंबईकरांना ती पाठ आहे. मूळच्या इटालियन फिआट ११०० वरून कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींत ड्रायव्हर स्टिअरिंगच्या बगलेचा दांडा खालीं-वर ओढून गिअर टाकी, आणि टॅक्सी जुनी असली म्हणजे कोणता गिअर कोठें लपला आहे हें त्या एकट्यालाच ठाऊक असे. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती विद्याहि गेली.

स्पोर्ट्‌स मोटारींत ताटातूट झाली ती निराळ्या कारणानें. जर्मनींत फर्डिनांड पोर्शे यांनीं आखलेली ऑटो युनियनची शर्यतीची गाडी १९३४ सालीं धांवूं लागली. तिचें सोळा सिलिंडरांचें एंजिन चालकाच्या पाठीमागें होतें आणि गिअरबॉक्स त्याच्याहि मागें. भार मागच्या चाकांवर पडावा, म्हणजे चाकें जागच्या जागीं न घसरतां रस्ता पकडतील, हा हेतु. त्यांच्याच फोल्क्सवॅगनमध्यें एंजिन अगदीं शेपटाशीं गेलें. तोच वारसा घेऊन १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड येथें पहिली पोर्शे ३५६ तयार झाली आणि १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत तिची वारसदार पोर्शे ९११ उभी राहिली. एंजिन मागें गेलें, गिअरबॉक्स त्याच्याबरोबर गेला. चालकाचा हात मात्र जेथें होता तेथेंच राहिला.

मधलें अंतर सळईनें जोडलें. दोन बैठकींच्या मध्यें दांडा. त्याच्या खालच्या टोंकाशीं चेंडूसारखा गोळा. तो गोळा प्लास्टिकच्या वाटींत बसविलेला. तेथून निघालेली लांब सळई गाडीच्या बुडाशीं असलेल्या बोगद्यांतून मागें जाते. ९११ मध्यें मागच्या दोन बैठकींच्या मध्यें एक झांकण आहे. त्याच्याखालीं ह्या सळईची पेटींतून आलेल्या दुसऱ्या सळईशीं एका जोडानें गांठ पडते, आणि त्या जोडांतहि दोन प्लास्टिकचे बुश असतात. मूठ डावी-उजवीकडे नेली कीं सळई आपल्याभोंवतीं किंचित् फिरते. मूठ पुढें-मागें नेली कीं सळई सरकते. ओळीचा हुकूम फिरण्यानें जातो आणि गिअरचा हुकूम सरकण्यानें.

मुलें कानगोष्टींचा खेळ खेळतात. पहिल्यानें सांगितलेलें वाक्य कानोकान शेवटच्यापर्यंत जातें, तेव्हां तें ओळखूंहि येत नाहीं. कोणीहि खोटें बोललेला नसतो. प्रत्येकानें ऐकतांना थोडी चूक केलेली असते. गिअरच्या जोडणीचें असेंच आहे. दांड्याचा आधारापासून मुठीपर्यंतचा भाग खालच्या भागाच्या चौपट लांब आहे असें समजावें. मग खालच्या सांध्यांत एक मिलिमीटर ढिलेपणा आला, कीं मुठीशीं तो चार मिलिमीटर होतो. असे तीन सांधे प्रत्येकीं एकेक मिलिमीटर झिजले, तर मूठ बारा मिलिमीटर नुसतीच हालते आणि मागें दंतचक्रांना त्याची वार्ताहि नसते. दोन शेजारच्या ओळींमधलें अंतर मुळांतच बोटा-दोन बोटांचें. मग दुसरा मागितल्यावर चौथा पडला तर नवल तें काय?

हा दोष केवळ गैरसोयीचा नव्हे. भरवेगांत पांचव्यावरून चौथ्यावर येतांना ओळ चुकून दुसरा पडला, तर चाकें एंजिनास त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवितात. झडपा पिस्टनवर आदळतात आणि एका क्षणांत सबंध एंजिन निकामी होतें. गिअर अर्धवट पडत राहिला तर दांतांच्या कडा झिजून गोल होतात, आणि मग गिअरबॉक्स खरोखरच जातो. ज्या संन्याशाला सुळीं दिलें, तो पुढें चोराच्याच संगतीनें बिघडतो.

पोर्शे ९११ मध्यें गिअरबॉक्स निदान एंजिनाच्या पुढच्या अंगास, म्हणजे चालकाच्या बाजूस होता. पण एंजिन गाडीच्या मध्यावर आणण्याची हौस सुरू झाली, तेव्हां क्रम उलटला. बैठकीमागें एंजिन आणि एंजिनामागें पेटी. १९६६ सालीं इंग्लंडांत लोटस युरोपा निघाली. रेनो १६ ह्या फ्रेंच घरगुती गाडीचें एंजिन व गिअरबॉक्स उलटे फिरवून तिच्या पाठीशीं बसविले होते. ती उलटापालट करतांना शेवटचें मोठें दंतचक्रहि दुसऱ्या बाजूस बसवावें लागलें. नाहींपेक्षां गाडीला मागें जाण्याचे चार आणि पुढें जाण्याचा एकच गिअर मिळाला असता! ती अडचण कारागिरांनीं सोडविली, पण सळईला एंजिनाची बगल ओलांडून लांब मागें जावें लागलें, तें चुकलें नाहीं. १९६९ सालीं आलेल्या फोल्क्सवॅगन-पोर्शे ९१४ मध्यें तर सळई बोगद्यांतून निघे, बैठकीमागच्या पत्र्याच्या भिंतींतल्या बुशांतून पलीकडे जाई, एंजिनाची संपूर्ण लांबी ओलांडी आणि गिअरबॉक्सच्या पार शेपटाशीं जाऊन आंत शिरे. त्या गाडीच्या गिअरबद्दल इतकी कुरकुर झाली कीं, १९७३ च्या नमुन्यापासून सळईला शेपटाऐवजीं पेटीच्या कुशींतून प्रवेश देण्यांत आला. वाट आंखूड झाली, सांधे सुटसुटीत झाले, आणि तक्रारहि त्या मानानें कमी झाली. जुन्या ९१४ गाड्यांचे षौकीन आजहि गाडी बघतांना पहिला प्रश्न हाच विचारतात: शेपटाची कीं कुशीची?

ह्या कोड्याला सर्वांत धाडसी उत्तर इटलींत मिळालें. लाम्बोर्गिनीच्या १९६६ सालच्या मिउरा गाडींत बारा सिलिंडरांचें एंजिन बैठकीमागें आडवें बसविलें होतें. तिच्या मागून आलेल्या काउन्टाशचें एंजिन उभें ठेवावयाचें ठरलें, तेव्हां नेहमींच्या रीतीनें पेटी मागें गेली असती आणि सळई आणखी लांबली असती. पावलो स्तांत्सानी ह्या इंजिनियरानें सबंध एंजिन उलटें फिरविलें. गिअरबॉक्स पुढें, दोन बैठकींच्या मध्यें आला आणि दांडा पुन्हा सरळ पेटींत उतरला. मागच्या चाकांना शक्ति पोंचविणारी दांडी एंजिनाच्या तेलाच्या कढईंतून आरपार मागें नेण्यांत आली. ही गाडी १९७१ सालीं जिनिव्हाच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिली व १९७४ सालापासून ती विक्रीस निघाली. हात दंतचक्रांकडे नेतां येत नाहीं, तर दंतचक्रेंच हाताकडे आणावीं, असा हा न्याय. परंतु असा डाव खेळणारे थोडेच. इतरांनीं सळईचाच संसार केला, आणि त्या गाड्या आज पन्नाशी-साठीच्या झाल्या आहेत.

तेव्हां अशा गाडीचा गिअर बिघडला असतां कोठून आरंभ करावा, याचें उत्तर ह्या इतिहासांतच आहे. हुकूम ज्या वाटेनें जातो, त्याच वाटेनें शोध घ्यावा. हातापासून निघावें आणि पेटीकडे शेवटीं जावें. प्रथम एंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावे. बंद एंजिनावर ते सहज पडतात, पण एंजिन चालूं असतां पडत नाहींत किंवा खरखरतात, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. एंजिन बंद असो वा चालूं, दांडा चांचपडतच राहिला, तर दोष जोडणींत आहे. आणि बाकी सर्व ठाकठीक असून एखादाच गिअर घाईनें टाकतांना कुरकुरला, तर मग सिंक्रोमेशकडे संशयाचें बोट दाखवावें. ह्या तीन परीक्षांना एकहि पान्हा लागत नाहीं.

जोडणीच दोषी ठरली, तर गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना पुढून-मागून उटी लावावी. कारण पुढचें काम न्यूट्रलमध्यें चालावयाचें असतें. मग एकानें दांडा सावकाश हालवावा व दुसऱ्यानें सांधे एकेक करून पाहावे. मूठ हालते पण सळई हालत नाहीं, तर पुढची वाटी गेली. पुढची सळई हालते पण मागची उशिरां हालते, तर जोडांतील बुश गेले. ज्या गाडींत सळई भिंतींतून जाते, तेथें भिंतींतला बुशहि तपासावा. जुना बुश काढतांना पुष्कळदां तो बोटांतच भुगा होतो. उष्णतेनें व वर्षांच्या भारानें प्लास्टिक ठिसूळ झालेलें असतें. एक झिजला म्हणजे बाकीचेहि त्याच वयाचे, हें ओळखून सगळे एकदम बदलावे.

प्लास्टिकऐवजीं पितळेचे बुश घालावे, असा आग्रह कांहीं कारागीर धरतात. त्यांनीं दांडा घट्ट होतो हें खरें. पण पेटीची थरथर आणि आवाजहि मग थेट मुठीपर्यंत येतो. मूळच्या आंखणाऱ्यांनीं तेथें मऊ वस्तु घातली ती अज्ञानानें नव्हे. शर्यतीच्या गाडीला पितळ शोभेल. घरच्या माणसांना घेऊन फिरावयाच्या गाडीला मूळचा बुशच बरा.

बुश बदलल्यावर जुळणी. जोडाचा पेंच सैल करण्यापूर्वीं सळईची मूळ जागा टोंकदार खिळ्यानें रेघ मारून राखून ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास परतीची वाट राहते. पेटी न्यूट्रलमध्यें, दांडाहि न्यूट्रलमध्यें, आणि मग दोघांची गांठ घट्ट करावयाची. एवढेंच ह्या विद्येचें मर्म. चुका दोनच प्रकारच्या होऊं शकतात. सळई फिरविण्यांत चूक झाली, तर ओळ चुकते. एका बाजूचे गिअर सहज पडतात आणि दुसऱ्या बाजूची ओळ हातीं लागत नाहीं. सळई सरकविण्यांत चूक झाली, तर पुढच्या बाजूचे गिअर खोल जातात आणि मागच्या बाजूचे अर्धवट राहून सुटतात, किंवा याच्या उलट. लक्षण पाहून कोणती चूक तें ओळखावें आणि रेघेपासून केसभर हालवून पुन्हा पाहावें. पहिली परीक्षा एंजिन बंद ठेवून सर्व गिअरांची, रिव्हर्ससकट. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. ह्या कामांत गडबड करणाऱ्यास तेंच काम दुसऱ्या दिवशीं पुन्हा करावें लागतें.

सळयांच्या राज्याची अखेरहि आतां इतिहासांत जमा झाली आहे. १९८९ सालीं जॉन बार्नर्ड यांनीं आखलेल्या फेरारीच्या शर्यतीच्या गाडींतून दांडा नाहींसा झाला. स्टिअरिंगच्या मागें दोन पाती. पातें ओढलें कीं विजेच्या संदेशानें आणि तेलाच्या दाबानें पेटींतील गिअर बदले. सळईला जागा द्यावी लागत नाहीं म्हणून गाडीचें अंग अरुंद करतां आलें. त्या वर्षींच्या ब्राझिलच्या पहिल्याच शर्यतींत नायजेल मॅन्सेल तीच गाडी घेऊन जिंकले. पुढें १९९७ सालीं फेरारीच्या ३५५ ह्या रस्त्यावरच्या गाडींतहि तीच सोय मिळूं लागली. साध्या गाड्यांत जेथें दांडा राहिला, तेथेंहि पुष्कळ ठिकाणीं सळयांऐवजीं पोलादी दोरांनीं काम होऊं लागलें. हाताचा हुकूम आतां ठराविक ठिकाणीं, ठराविक क्षणीं, न चुकतां पोंचतो.

तथापि जुन्या गाड्या राहिल्याच आहेत, आणि त्यांच्यापुढचा धोका झिजण्याचा नाहीं. झीज तर भरून काढतां येते. धोका आहे तो चुकीच्या निदानाचा. ज्या गाडीचें एंजिन नाहक उतरलें, जिची पेटी कारण नसतां उघडली गेली, ती पुष्कळदां पुन्हा जुळतच नाहीं. खर्च वाढतो, मालक कंटाळतो, आणि गाडी कोपऱ्यांत कापड पांघरून पडते. अर्धें शतक रस्ता पाहिलेलें एक यंत्र चार आण्यांच्या वस्तूपायीं कायमचें थांबतें. ज्याला ही वाट ठाऊक आहे, तो मिस्त्री मात्र प्रथम मागच्या बैठकीमधलें झांकण काढतो, दिवा आंत धरतो आणि दांडा हालवावयास सांगतो. बुशाचा भुगा तळहातावर घेतो, नवा बसवितो, रेघेवर रेघ जुळवून पेंच आवळतो. मग चालक क्लच दाबून दुसरा मागतो, आणि ह्या खेपेस दुसराच पडतो.